सावली बुडाशी सुरू होते: प्रॉडक्ट फोटोत खरी वाटणारी सावली कशी घालायची

कटआउट (बॅकग्राउंडमधून कापून काढलेली वस्तू) स्वच्छ निघालाय, रंग जुळलेत, लेबल वाचता येतंय, आणि तरी बघणारा म्हणतो, "कापून चिकटवल्यासारखं वाटतंय." रीटचिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. बहुतेक वेळा दोष सावलीचा असतो, आणि सावलीतही तो वस्तूच्या बुडाशी असतो, जिथे ती टेबलाला टेकते तिथल्या मोजक्या पिक्सेलमध्ये. आपण मात्र वेळ घालवतो तो बाजूला लांब पसरलेल्या मोठ्या सावलीवर. ती सुंदर ब्लर होते, ग्रेडियंट छान उतरतो, आणि बाटली अधांतरीच राहते.

मी कॅटलॉगच्या फोटोंवर काम करते आणि माझा वेळेचा हिशोब उलटा आहे: आधी बूड, मग बाकीचं. उदाहरणं फोटोशॉपमधली देते, कारण दिवसभर माझ्यासमोर तेच उघडं असतं. गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरत असाल तरी अडणार नाही. लेअर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क (लेअरचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा पडदा), ब्लर आणि मल्टिप्लाय (वरचा लेअर खालच्याला फक्त गडद करतो तो मोड) एवढं जिथे आहे तिथे हे सगळं जमतं. पिक्सेलचे आकडे २००० पिक्सेल रुंदीच्या फोटोसाठी धरलेत. फोटो ४००० चा असेल तर दुप्पट करा.

ड्रॉप शॅडोबद्दल आधीच बोलून घेते. १९९८ मध्ये फोटोशॉप ५.० मध्ये लेअर इफेक्ट आले आणि एका क्लिकवर सावली मिळू लागली. त्याआधी लोक चॅनेलची कसरत करून ती हाताने बनवायचे. सोय मोठीच झाली, पण ड्रॉप शॅडो म्हणजे वस्तूच्याच आकाराची, थोडी सरकवलेली, सगळीकडे सारखीच ब्लर केलेली प्रत. भिंतीपासून जरा पुढे धरलेल्या पुठ्ठ्याची सावली अशी पडते. उभी बाटली, बूट, खुर्ची यांची अशी कधीच पडत नाही. वरून काढलेल्या फोटोंत मात्र ती चालते. त्याचं पुढे सांगते.

आधी फोटो नीट बघा

सावली कुठे पडायची हे आपण ठरवायचं नसतं. वस्तूवर प्रकाश पडला तेव्हाच ते ठरलेलं आहे आणि त्याच्या खुणा वस्तूवरच आहेत. चकाकी कुठल्या अंगाला आहे? अंधारी बाजू कुठे सुरू होते? उजेड संपून अंधार लागतो तो झटक्यात की हळूहळू? चकाकीचा आकारही बघा. रुंद चौकोनी चकाकी असेल तर समोर सॉफ्टबॉक्स (दिव्यावर कापड लावलेली मोठी पेटी) किंवा खिडकी होती, म्हणजे सावली मऊ. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असेल तर छोटा दिवा किंवा ऊन, म्हणजे सावली धारदार. बाटलीच्या अंगावर मोठा मऊ उजेड आणि खाली कात्रीने कापल्यासारखी सावली, अशी जोडी दिसली की का खटकतं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

सावलीची लांबी प्रकाशाच्या उंचीवर ठरते. प्रकाश ४५ अंशांवरून येत असेल तर सावली वस्तूच्या उंचीइतकी लांब. ६० अंशांवरून आला तर उंचीच्या जेमतेम ०.६ पट, ३० अंशांवरून आला तर १.७ पट. ही लांबी टेबलावरची. फोटोत ती किती दिसणार हे कॅमेऱ्याच्या कोनावर आहे: कॅमेरा टेबलाच्या पातळीला जितका खाली, तितकं टेबल दबून दिसतं आणि मागे किंवा पुढे जाणारी सावली आखूड होते. कॅमेऱ्याचा कोन कळायला बाटलीचं बूड बघा. गोल बूड फोटोत लंबगोल दिसतं. तो लंबगोल जितका चपटा, तितका कॅमेरा खाली. हाच चपटेपणा पुढे सावलीला द्यायचा आहे, म्हणून तो लक्षात ठेवा. मी तर सगळ्यात वरच्या लेअरवर लाल ब्रशने प्रकाशाच्या दिशेचा बाण आणि बुडाचा लंबगोल काढून ठेवते. काम संपेपर्यंत तो लेअर लपवत-दाखवत राहते.

मूळ सावली हाताशी असेल तर ती फेकू नका

फोटो पांढऱ्या किंवा फिकट राखाडी कागदावर काढलेला असेल तर खरी सावली त्यात आहेच. पेन टूलने वस्तू कापायची, मूळ सावली टाकून द्यायची आणि मग तशीच सावली नव्याने काढायला बसायचं, हा उद्योग मला कधी समजला नाही. खऱ्या सावलीइतकी चांगली सावली कुणालाच काढता येत नाही. तिला वाचवायचं असं:

मूळ फोटोचा लेअर डुप्लिकेट करा आणि त्यातला रंग काढून टाका. लेव्हल्स (उजेड-अंधाराचे आकडे बदलणारं साधन; ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) उघडा आणि इन्फो पॅनेल समोर ठेवून, सावलीपासून दूर असलेल्या कागदावर कर्सर न्या. तिथे समजा २३६ आकडा दिसतोय. मग लेव्हल्समधला उजवीकडचा पांढरा स्लायडर २३४ च्या आसपास आणा. कागद २५५ झाला, सावली राहिली. आता हा लेअर मल्टिप्लाय करून स्वच्छ पांढऱ्या लेअरवर ठेवा आणि त्याच्या वर कापलेली वस्तू. झालं.

प्रत्यक्षात एवढं सरळ क्वचितच जातं. कागदावर उजेड सारखा नसतो. वस्तूजवळ २४० असतं आणि कोपऱ्यात २१५. कोपरे पांढरे होईपर्यंत स्लायडर ओढलात तर सावलीच खाऊन टाकाल. स्लायडर वस्तूजवळच्या आकड्याला लावा, आणि कोपऱ्यांत उरलेला राखाडीपणा त्याच लेअरवर मोठ्या मऊ ब्रशने पांढरा रंग फिरवून घालवा. मल्टिप्लायमध्ये पांढरा म्हणजे काहीच नाही, त्यामुळे डाग दिसत नाही. सावलीच्या फिकट टोकाकडे येताना मात्र ब्रशची ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) वीस टक्क्यांवर आणा. तिथे घाई केली की सावली मध्येच संपल्यासारखी दिसते.

आणि वस्तू व सावली एकाच ग्रुपमध्ये लिंक करून टाका. सावलीच्या लेअरवर वस्तूची करडी प्रत अजून आहे, कटआउटच्या मागे लपलेली. वस्तू एक पिक्सेलही हलली तर तिची कड डोकावते.

मूळ सावली नसेल तर

तीन लेअर करायचे. एकाच सावलीला ओढून-ताणून सगळं करायला गेलात तर बुडाशी फिकी आणि टोकाला गडद असं काहीतरी होतं. उदाहरणाला स्टीलची गोल बाटली घेऊ. प्रकाश डावीकडून, थोडा वरून, सॉफ्टबॉक्सचा.

पहिला लेअर टेकण्याचा. बाटली आणि टेबल जिथे एकमेकांना भिडतात तिथे प्रकाशाला शिरायला जागाच नसते, म्हणून तिथली रेघ फोटोतल्या सगळ्या सावलीत गडद. वस्तूच्या खाली नवा लेअर घ्या, बुडाच्या वळणाला जुळणारा लंबगोल सिलेक्ट करा, जवळजवळ काळा रंग भरा आणि गॉशियन ब्लर ३ पिक्सेल द्या. मग लंबगोल हळूच वर सरकवा, इतका की बाटलीखालून फक्त दोन-तीन पिक्सेल बाहेर दिसतील. ओपॅसिटी ७० ते ८० टक्के.

आता झूम २०० टक्के करा आणि खरं काम सुरू करा. ही रेघ सगळीकडे सारखी जाड नसते. प्रकाशाच्या बाजूला ती केसाएवढी असते, विरुद्ध बाजूला जाड होत जाऊन पुढच्या सावलीत मिसळते. दोन्ही टोकांना ती निमुळती होऊन बुडाच्या वळणामागे नाहीशी होते. तिथे ती तुटकी संपली तर बाटलीखाली कुणी चकती ठेवल्यासारखी वाटते. मास्क घ्या, १० पिक्सेलचा मऊ ब्रश घ्या, आणि टोकं खोडून पातळ करा.

बाटलीच्या बुडाची कडही बघा. ती काटकोनात असेल तर रेघ थेट कडेला लागून. पण बहुतेक बाटल्यांची कड गोलसर आत वळलेली असते. अशी बाटली टेबलाला टेकते ती दिसणाऱ्या कडेच्या थोडी आत, म्हणजे सगळ्यात गडद भाग आपल्याला दिसतच नाही; दिसतो तो त्याच्या बाहेरचा, जरासा मोकळा झालेला अंधार. तिथे ७५ टक्क्यांची कडक रेघ दिलीत तर बाटली टेबलात रुतलेली दिसेल. ओपॅसिटी ५० वर आणा, ब्लर ५ करा.

अजून एक गोष्ट बहुतेक ट्युटोरियल सोडून देतात. सावली फक्त टेबलावर नसते, वस्तूवरही असते. बुडाजवळचा बाटलीचा शेवटचा पट्टा टेबलाच्या इतका जवळ असतो की तोही काळवंडतो. वस्तूच्या लेअरवर क्लिपिंग मास्क करून, म्हणजे परिणाम वस्तूपुरताच राहतो, एक कर्व्ह्ज लेअर (उजेड कमी-जास्त करणारा) लावा, थोडा गडद करा आणि खालच्या ८-१० पिक्सेलपुरताच ठेवा. उलट, टेबल पांढरं आणि उजेड भरपूर असेल तर टेबलावरून परतलेला प्रकाश याच पट्ट्याला उजळवतो. दोन्हीपैकी काय झालंय ते मूळ फोटोत दिसतं. मूळ फोटो बाजूच्या खिडकीत उघडा ठेवा म्हणते ते एवढ्यासाठीच.

दुसरा लेअर जवळच्या अंधाराचा. बुडाच्या लंबगोलापेक्षा दहा-पंधरा टक्के मोठा लंबगोल, ब्लर २५ ते ३०, ओपॅसिटी ३० ते ३५. याला दिशा जवळजवळ नसते. बाटली स्वतःच आजूबाजूचा पसरलेला प्रकाश अडवते, त्याची ही सावली, म्हणून ती प्रकाशाच्या बाजूलाही थोडी दिसते. याच्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

तिसरा लेअर पडलेल्या सावलीचा, आणि इथे विचार करावा लागतो.

प्रकाशाला काय दिसतं?

पडलेल्या सावलीचा आकार म्हणजे दिव्याच्या जागेवरून बघितलं तर वस्तूची जी बाह्यरेषा दिसेल ती. कॅमेऱ्याला दिसणारी बाह्यरेषा वेगळी. कटआउट काळं करून, डिस्टॉर्टने आडवं पाडून सावली बनवायची प्रचलित युक्ती या दोघींना एकच समजते. गोल बाटलीला ती चालून जाते, कारण बाटली कुठूनही सारखीच दिसते. कान असलेला मग घ्या: कॅमेऱ्याला कान उजवीकडे दिसतोय आणि दिवा डावीकडे आहे. दिव्याच्या जागेवरून तो कान मगाच्या बरोबर मागे लपतो. सावलीत कान नसायला हवा, आणि आडव्या पाडलेल्या कटआउटमध्ये तो ऐटीत उभा असतो.

बाटलीसाठी मात्र ही युक्ती वापरू. वस्तूच्या थंबनेलवर कंट्रोल धरून क्लिक करा, सिलेक्शन येईल. नव्या लेअरवर गडद रंग भरा. लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे ब्लर नंतर बदलता येईल. एडिट, ट्रान्सफॉर्म, डिस्टॉर्ट. खालची दोन टोकं बुडाच्या दोन बाजूंना पक्की ठेवा आणि वरची दोन ओढून उजवीकडे न्या. बूड गोल आहे आणि डिस्टॉर्टला सरळ कडा कळतात, त्यामुळे खाली थोडी फट राहते. ती वॉर्पने (आकार वाकवणाऱ्या साधनाने) मिटवा, किंवा दुसऱ्या लेअरचा अंधार ती झाकतोय का बघा. बहुतेकदा झाकतो.

आता ब्लर. सावली बुडाशी धारदार आणि लांब जाताना मऊ होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती मऊ हे अंदाजपंचे ठरतं. त्याचं गणित सोपं आहे. मऊ पट्ट्याची रुंदी म्हणजे प्रकाशाची रुंदी, गुणिले सावली पाडणाऱ्या कडेपासून टेबलापर्यंतचं अंतर, भागिले प्रकाशापासून त्या कडेपर्यंतचं अंतर. अंतरं किरणाच्या वाटेने मोजायची. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स बाटलीच्या झाकणापासून १०० सेंटिमीटरवर आहे आणि झाकणापासून सावलीपर्यंत किरण २० सेंटिमीटर जातो, तर तिथली कड १२ सेंटिमीटर पसरणार. बुडाशी हेच अंतर १ सेंटिमीटर असेल तर पसारा ०.६ सेंटिमीटर. म्हणजे एकाच सावलीच्या दोन टोकांत वीसपट फरक. उन्हाचं उलट: सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, त्यामुळे मीटरभर अंतरावरही कड ९ मिलिमीटरच्या आसपासच पसरते. म्हणूनच उन्हातल्या फोटोला २०० पिक्सेलचा ब्लर शोभत नाही.

ब्लरची त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश धरली तर जमतं. बाटली १५ सेंटिमीटरची आणि फोटोत ९०० पिक्सेल उंच आहे, म्हणजे सेंटिमीटरला ६० पिक्सेल. बुडाशी ०.६ सेंटिमीटर म्हणजे ३६ पिक्सेलचा पट्टा, ब्लर १० च्या आसपास. टोकाला ७२० पिक्सेल, ब्लर जवळजवळ २००. बहुतेक जण टोकाला ४० देऊन थांबतात. हात आखडता घेऊ नका.

बदलता ब्लर द्यायला फोटोशॉपमध्ये ब्लर गॅलरीत फील्ड ब्लर आहे: एक पिन बुडाशी कमी आकड्याची, दुसरी टोकाला मोठ्या आकड्याची. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालणारी पद्धत म्हणजे सावलीच्या तीन प्रती, ब्लर १०, ६० आणि २०० चा, आणि प्रत्येकीला ग्रेडियंट मास्क, म्हणजे एक विरते तिथे दुसरी उगवते. मला ही दुसरीच आवडते. मधला भाग हवा तसा हलवता येतो. ब्लर देण्याआधी कॅनव्हास चारी बाजूंनी वाढवून घ्या. सावली कॅनव्हासच्या कडेला कापली गेली असेल तर ब्लरनंतर तिथे विचित्र उजळ किंवा गडद पट्टी येते.

टोकाकडे सावली नुसती मऊ होत नाही, फिकटही होते, म्हणून ओपॅसिटीही ग्रेडियंट मास्कने उतरवा. बुडाशी ४५ टक्के, टोकाला १० च्या खाली. मोठा ब्लर सावलीला चारी दिशांना पसरवतो, म्हणजे प्रकाशाच्या बाजूलाही. डावीकडून उजेड येतोय आणि बाटलीच्या डावीकडे धुरकट राखाडी, हे काही बरोबर नाही. तिथे मास्कवर काळा ब्रश फिरवा.

बूट

बाटली जमली म्हणून बूट जमेल असं नाही. बुटाला दोन-तीन ठिकाणीच जमीन लागते: टाच आणि पंज्याखालचा रुंद भाग. पुढचं टोक बहुतेक बुटांत थोडं वर उचललेलं असतं, आणि टाच वेगळी असेल तर टाच व पंजा यांच्यामध्ये सोल कमानीसारखा उठतो. सोलच्या खालच्या कडेने सरसकट एकच गडद रेघ ओढली की बूट मेणाचा होऊन जमिनीवर बसल्यासारखा दिसतो.

टेकण्याची रेघ टाचेखाली द्या आणि कमान सुरू होते तिथे ती २० ते ३० पिक्सेलमध्ये विरवून टाका. कमानीखाली रेघ नको, पण अंधार हवा, कारण तिथे दोन्हीकडून प्रकाश अडलेला आहे: ब्लर १५, ओपॅसिटी ४०, आणि तो अंधार सोलला चिकटलेला नसून जमिनीवर, म्हणजे सोलच्या जरा खाली. या दोन-चार पिक्सेलच्या फटीमुळेच कमान उचललेली वाटते. पंज्याखाली पुन्हा रेघ. मग टोकाकडे जाताना रेघ पातळ न करता मऊ करा: ब्लर ३ वरून १२ वर, आणि सावली सोलपासून हळूहळू सुटत खाली सरकते. टोक जमिनीपासून जितकं वर, तितकी ही फट मोठी.

सोलला खाचा असतील तर प्रत्येक खाचेत अंधार जरा जास्त आणि प्रत्येक उंचवट्याला टेकण्याची रेघ. सगळ्या काढत बसू नका. कॅमेऱ्याच्या जवळच्या पाच-सहा नीट काढल्या की बाकीच्या डोळा स्वतः भरून घेतो. जोडी असेल तर पुढच्या बुटाची सावली मागच्या बुटावर चढते का तेही बघा. सावली जमिनीवरून जाताना मध्ये दुसरी वस्तू आली तर ती तिच्या अंगावर वाकते. तेवढा तुकडा वेगळ्या लेअरवर, मागच्या बुटाला क्लिप करून, त्याच्या वळणाने द्यावा लागतो.

खुर्चीचं हेच, फक्त चार वेळा. प्रत्येक पायाखाली वेगळा टेकण्याचा ठिपका, आणि मागचे पाय कॅमेऱ्यापासून दूर म्हणून त्यांचे ठिपके छोटे.

रंग आणि मल्टिप्लाय

"सावली नेहमी मल्टिप्लायवर ठेवा" हा सल्ला सगळे देतात आणि अर्धाच सांगतात. सावलीचा रंग शुद्ध काळा असेल तर नॉर्मल आणि मल्टिप्लाय यांत काडीचाही फरक पडत नाही. ३० टक्के ओपॅसिटीला दोन्हीकडे खालचा रंग ७० टक्के उरतो, गणितच सारखं आहे. सावलीला रंगाची छटा दिलीत की फरक पडतो: नॉर्मलमध्ये टेबलाच्या पोतावर धुक्याचा थर येतो, मल्टिप्लायमध्ये पोत तसाच राहून गडद होतो.

आणि छटा द्यायला हवी. एकाच दिव्याखाली पांढऱ्या कागदावर सावली जवळजवळ तटस्थ असते, तिथे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) ३०, ३१, ३५ पुरे. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश असतील, समजा खिडकी आणि पिवळा दिवा, तर दिव्याच्या सावलीत फक्त खिडकीचा उजेड पोचतो आणि ती निळसर होते; खिडकीची सावली पिवळसर. भडक लाल डबा पांढऱ्या टेबलावर ठेवला तर त्याच्या उजेडाकडच्या बाजूने लाल परावर्तन बुडाजवळच्या टेबलावर पडतं. तिथे खूप मोठ्या मऊ ब्रशने डब्याचाच रंग, मल्टिप्लाय, ओपॅसिटी ५ ते ८ टक्के. दिसायला नको, पण लेअर बंद केला की उणीव जाणवायला हवी.

टेबलाला लाकडाचा किंवा कापडाचा पोत असेल तर रंग भरलेल्या लेअरऐवजी कर्व्ह्ज ॲडजस्टमेंट लेअर घ्या आणि सावलीचा आकार त्याच्या मास्कमध्ये ठेवा. गडदपणा आणि छटा दोन्ही एकाच जागी, चॅनेलनुसार हलवता येतात.

काच

काचेला हे नियम लागू करू नका. प्रकाश आरपार जातो, वळतो आणि सावलीच्या मध्येच एकवटून उजळ डाग पाडतो. कडेला जाड काचेतून तो बाजूला फेकला जातो, म्हणून सावलीची बाह्यरेषा गडद आणि पोट फिकट. आत रंगीत द्रव असेल तर सावलीतही तो रंग. जमेल तिथे मूळ सावलीच वाचवा, आणि रंग काढून टाकण्याची पायरी गाळा. काढायचीच वेळ आली तर बाह्यरेषा ४० टक्के, पोट १५, आणि उजळ डागासाठी तेवढा भाग मास्कने पुसून पांढरं टेबल दिसू द्या. २५५ पेक्षा पांढरं काही नसतं, त्यामुळे तो डाग सावलीच्या आत असेल तरच दिसतो, बाहेर काढून उपयोग नाही.

वरून काढलेले फोटो

इथे ड्रॉप शॅडो खरंच कामाची आहे. वस्तू टेबलावर आडव्या, कॅमेरा बरोबर वर. सावली म्हणजे बाह्यरेषेची सरकलेली प्रतच असते. अट एवढीच की जाड वस्तूला जास्त अंतर (डिस्टन्स) आणि जास्त साइझ, म्हणजे ब्लरचा पसारा. १ सेंटिमीटर जाडीच्या वहीला डिस्टन्स १२, साइझ १५ दिलं तर २ सेंटिमीटरच्या डबीला २४ आणि ३०. सगळ्यांना एकच आकडा देऊन उरकलंत तर सगळ्या वस्तू एकाच पुठ्ठ्यातून कापलेल्या दिसतात. यूज ग्लोबल लाइटची खूण राहू द्या, म्हणजे सगळ्यांचा कोन एक राहतो. मग इफेक्टवर राइट क्लिक करून क्रिएट लेअर निवडा. सावली वेगळ्या लेअरवर येते आणि जिथे वस्तू टेबलाला टेकलेली आहे तिथे मास्कने तिला आवळता येते. उचललेल्या पानाच्या कोपऱ्याशी सैल सोडा, शिवणीशी आवळा.

देण्याआधीची तपासणी

पांढऱ्या बॅकग्राउंडवर सावली कुठे संपते ते डोळ्यांनी कळत नाही, स्क्रीन उजळ असेल तर मुळीच नाही. सगळ्यात वर थ्रेशोल्ड लेअर लावून आकडा २५५ करा. शुद्ध पांढरं तेवढं पांढरं राहील, बाकी सगळं काळं. काळा भाग फोटोच्या कडेला भिडत असेल तर पांढऱ्या पानावर तिथे सरळ रेघ दिसणार. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला बॅकग्राउंड आरजीबी २५५, २५५, २५५ लागतं आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, म्हणजे लांब सावलीला तिथे जागाच नाही. अशा फोटोंत मी पहिले दोन लेअर ठेवते आणि तिसरा अगदी आखूड करते.

थ्रेशोल्ड काढा आणि त्या जागी लेव्हल्स लावून काळा स्लायडर २०० पर्यंत ओढा. फिकट भागातले डाग, ब्रशचे फटके, मास्कच्या चुकार कडा, सगळं उघडं पडतं. पट्टे दिसले तर ते बँडिंग. लांब सावली २२५ पासून २५५ पर्यंत ६०० पिक्सेलमध्ये जात असेल तर तिच्याकडे मोजून ३० पायऱ्या आहेत, एकेक २० पिक्सेल रुंद. काही स्क्रीनवर त्या जिन्यासारख्या दिसतात. काम १६ बिटमध्ये (जास्त बारीक पायऱ्यांच्या फाइलमध्ये) करा, आणि शेवटी सगळ्या लेअरची एकत्र प्रत काढून तिला अर्धा ते पाऊण टक्का मोनोक्रोमॅटिक नॉइज (एकरंगी बारीक दाणे) द्या, मास्कने फक्त सावलीपुरता. पायऱ्या विरघळतात. नॉइज सावलीबाहेर सांडला नाही ना, हे पुन्हा थ्रेशोल्डने बघा.

मग फोटो आडवा उलटवा आणि अंगठ्याएवढा करून बघा. सवयीमुळे नजरेआड गेलेला दिशेचा घोळ उलटवल्यावर लगेच दिसतो, आणि अंगठ्याएवढ्या आकारात एवढंच कळतं की वस्तू टेकली आहे की नाही. शेवटी गिऱ्हाईक तोच आकार बघणार आहे.

एआयने सावली घालणारी साधनं आता फोटोशॉपमध्येही आहेत आणि एकट्या फोटोला ती बरी सावली देतात. पण एकाच वस्तूचे सहा रंग एका पानावर जायचे असतील तर सहा सावल्या सहा दिशांना आणि सहा मऊपणाच्या येऊ शकतात. संचासाठी मी एक फाइल पक्की करते, तिन्ही लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट ठेवते आणि फक्त वस्तू बदलते.

फाइल पारदर्शक पीएनजीमध्ये मागितली असेल तर एक अडचण येते: पीएनजीत ब्लेंड मोड टिकत नाही. मल्टिप्लायवरची छटा असलेली सावली पारदर्शक फाइलमध्ये गेली की नॉर्मल होते आणि रंगीत पानावर राखाडी धुक्यासारखी बसते. म्हणून पीएनजीसाठी सावलीची वेगळी प्रत ठेवा, शुद्ध काळी, नॉर्मल मोडमध्ये, नुसत्या ओपॅसिटीवर चालणारी. मूळ फोटोतून वाचवलेली सावली असेल तर तिचं काळं-पांढरं उलटं करून (इन्व्हर्ट) काळ्या लेअरच्या मास्कमध्ये पेस्ट करा, तेच काम होतं. पान कुठल्या रंगाचं आहे ते आधी विचारून घ्या आणि त्या रंगाचा एक लेअर खाली टाकून बघा. गडद निळ्या पानावर ३० टक्क्यांची सावली दिसतच नाही, तिथे टेकण्याची रेघ ९० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते.